माशीच्या शुक्रपेशीतला कांदा

पिकलेल्या केळ्यांच्या फणीभोवती जी बारीक चिलटे घोंघावतात, त्यांतल्या नराच्या पोटात दोन पिवळसर, वेटोळे घातलेल्या नळ्या असतात. ती त्याची वृषणे. त्यांत तयार होत असलेल्या शुक्रपेशीचा अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर विशिष्ट टप्प्यावर जे दिसते त्याला कांदा याखेरीज दुसरे नाव सुचत नाही. मधोमध चिरलेला, एकावर एक पापुद्रे असलेला गोल कांदा. शास्त्रज्ञांनाही दुसरे नाव सुचले नाही. १९९७ साली अमेरिकेतील कॅरेन हेल्स आणि मार्गारेट फुलर यांनी या माशीतला एक जनुक शोधला. तो बिघडला की हा कांदा नीट बांधला जात नाही, त्याच्या कडा विस्कटतात. जनुकाचे नाव ठेवले गेले ‘फझी अनियन्स’, म्हणजे विस्कटलेले कांदे. माशीवर काम करणाऱ्यांना असली नावे ठेवायची खोड आहे, आणि ती क्षम्य आहे. कारण या गमतीच्या नावाच्या जनुकामागोमाग जे हाती लागले ते माणसाच्या नसांच्या एका आजाराचे कारण होते.

कीटकांच्या शुक्रपेशी कशापासून बनतात, त्यांतल्या कोणत्या भागात मेद असतो, कोणत्या भागात प्रथिन, कुठे साखर, हा प्रश्न ऐकणाऱ्याला हसू यावे असाच आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संशोधनाची टर उडवायची झाली तर याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांत पेशीच्या आतल्या अवयवांविषयी जे कळले, त्याचा बराच भाग याच हास्यास्पद वाटणाऱ्या खिडकीतून दिसला आहे. आणि आज वंध्यत्वाच्या दवाखान्यात ज्या तपासण्या आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांचे दावे तपासायचे तर शुक्रपेशीचे रसायन थोडे तरी ठाऊक असावे लागते.

आधी ही पेशी घडते कशी ते पाहू. या चिलटाचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. (आंब्यात अळ्या करणारी शेतकऱ्याची फळमाशी ती ही नव्हे, तिचे कूळ वेगळे. तिचा विषय पुढे येईल.) तिच्या वृषणात एक मूळ पेशी चार वेळा विभागून सोळा पेशी होतात, त्या सोळांचे अर्धसूत्री विभाजन होऊन चौसष्ट. या चौसष्ट जणी एकाच पिशवीत, एकमेकींशी बारीक पुलांनी जोडलेल्या अवस्थेत वाढतात. सुरुवातीला प्रत्येक पेशी अगदी साधी गोल असते. तिला व्हायचे असते ते मात्र जवळजवळ १.८ मिलिमीटर लांबीचा दोरा. माणसाचा शुक्राणू एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. म्हणजे या टीचभर माशीचा शुक्राणू माणसाच्या शुक्राणूपेक्षा तीसपटींहून अधिक लांब. तिचीच चुलत बहीण ड्रोसोफिला बायफर्का हिच्या नराचा शुक्राणू तर जवळपास ५८ मिलिमीटर, नराच्या शरीराच्या वीसपट भरतो. निसर्गात याहून लांब शुक्राणूची नोंद नाही.

गोल पेशीचा दोरा होताना आतले सगळे सामान हलवावे लागते. घर लहान करताना भांडीकुंडी कुठे ठेवायची हा जसा प्रश्न, तसाच. केंद्रक आवळून सुईसारखे बारीक होते. गॉल्गी संकुलातून टोकाशी एक टोपी तयार होते. शेपटीसाठी सूक्ष्मनलिकांचा कणा उभा राहतो. आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या शेकडो तंतुकणिका एकत्र येऊन, एकमेकींत विरघळून, शेवटी फक्त दोन उरतात. या दोन राक्षसी तंतुकणिका एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात आणि तो कांदा होतो. जर्मन अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकातच तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसला होता. केंद्रकाशेजारी दुसरे केंद्रक असावे तसा तो गोळा, म्हणून त्याला ‘नेबेनकेर्न’ म्हणजे ‘शेजारचे केंद्रक’ म्हटले गेले. नाव चुकीचे होते, पण ते टिकले. ‘मायटोकॉन्ड्रिया’ हा शब्दही शुक्राणुनिर्मितीच्या अभ्यासातूनच आला. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी वाढत्या शुक्रपेशींत दोऱ्यात ओवल्यासारखे कण पाहिले आणि ‘दोरा’ व ‘कण’ या दोन ग्रीक शब्दांची सांगड घातली. मराठीतली ‘तंतुकणिका’ ही त्याचीच सरळ प्रतिमा.

दिसणे एक आणि कशाचे बनले आहे हे कळणे दुसरे. एका शुक्रपेशीतला एवढासा गोळा काढून परीक्षानळीत घालता येत नाही. त्यावर विसाव्या शतकातील पेशीशास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती एखाद्या रंगाऱ्याची होती. जो रंग फक्त मेदात विरघळतो तो पेशीवर ओतायचा. जिथे काळा डाग उठेल तिथे मेद. सुदान ब्लॅक हा असा रंग. ऑक्सफर्डच्या जॉन बेकर यांनी १९४६ मध्ये फॉस्फोलिपिड या मेदाच्या विशिष्ट प्रकारासाठी हेमॅटीनची चाचणी बसवली. तिची खातरजमा करायलाही एक तोड होती: तसाच दुसरा काप पिरिडीनमध्ये ठेवून त्यातला मेद आधी धुऊन काढायचा आणि मग रंग द्यायचा. रंग चढला नाही तर पहिला निष्कर्ष बरोबर. डीएनएसाठी १९२४ पासून फॉयल्गेन यांची किरमिजी रंगाची चाचणी होती. साखरेच्या साखळ्यांसाठी पीएएस नावाची गुलाबी चाचणी आली. पेशीत दिसणारा गुलाबी रंग ग्लायकोजेनचा की दुसऱ्या कशाचा हे ठरवण्यासाठी तर चक्क लाळ वापरत. माणसाची लाळ कापावर टाकायची, तिच्यातले विकर ग्लायकोजेन पचवून टाकते. तरीही गुलाबी रंग राहिला तर तो पदार्थ वेगळा. आज एकेका उपकरणाला कोटी कोटी रुपये लागणाऱ्या काळात ही थुंकीची तपासणी ऐकायला मजेशीर वाटते, पण तिच्यामागचा तर्क पक्का आहे.

या रंगकामातून कीटकांच्या शुक्रपेशीचा एक रासायनिक नकाशा तयार झाला. नेबेनकेर्न हा प्रथिन आणि फॉस्फोलिपिड यांचा बनलेला, म्हणजे तंतुकणिकेच्या पटलांशी जुळणारा. टोकाची टोपी घडवणारा गॉल्गीचा भाग मेदाने वेढलेला, आणि त्यातून निघणारी टोपी पीएएसला गुलाबी, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनांची. केंद्रकात डीएनए, आणि पेशी पक्व होत जाईल तसे त्याच्या सोबतच्या प्रथिनांत आर्जिनिन या अमिनो आम्लाचे प्रमाण चढते. ही यादी रूक्ष वाटते. पण तिच्यावरून एक मोठा वाद गाजला होता आणि त्यात भारताचाही वाटा होता.

कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्येच घुबडाच्या मेंदूतील चेतापेशीत चांदीच्या क्षारांनी एक जाळे दाखवले. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे शास्त्रज्ञ भांडत राहिले: हे जाळे खरोखर पेशीत आहे की चांदी आणि ऑस्मियम यांच्या मारामुळे पेशीत उमटलेली विकृती आहे? बेकर यांचा कल दुसऱ्या बाजूला होता. पेशीत खरे काय आहे, तर मेदाचे थेंब. जाळे म्हणजे रसायनांची करामत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे पंजाब विद्यापीठात प्राणिशास्त्रज्ञ विश्वनाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झुरळांपासून अनेक प्राण्यांच्या जननपेशी तपासून याच अंगाची मांडणी हिरिरीने केली. फाळणीत लाहोर गेलेले, प्रयोगशाळा नव्याने उभी करायची, आणि तशात जगातल्या अग्रगण्य नियतकालिकांत वाद घालायचा, ही हिंमत कमी नव्हती. कीटकांच्या शुक्रपेशी या वादात मोलाच्या ठरल्या, कारण त्यांत गॉल्गीचे भाग एकमेकांपासून सुटे असतात आणि जिवंत पेशीतही दिसू शकतात. १९५४ मध्ये डाल्टन आणि फेलिक्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गॉल्गी संकुलातील चपट्या पिशव्यांच्या चळती दाखवल्या आणि निकाल लागला. अवयव खरा होता. मेदाचे जे थेंब दिसले तेही खोटे नव्हते. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाही. विज्ञानाच्या इतिहासात हरलेल्या बाजूची निरीक्षणे अशी मागे पडतात आणि पाठ्यपुस्तकांत फक्त विजेत्यांची चित्रे उरतात, हे जरा अन्यायाचेच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कांदा उलगडतो, त्यातल्या दोन तंतुकणिका शेपटीच्या कण्याला समांतर लांबच लांब ताणल्या जातात, आणि त्यांतल्या एकीच्या पोटात हळूहळू स्फटिकासारखी आखीवरेखीव रचना भरत जाते. तंतुकणिकेचे काम ऊर्जा देण्याचे. तिच्यात स्फटिक कशाला? इटलीतील बाच्चो बाच्चेत्ती यांच्या गटाने १९७७ मध्ये या पदार्थातले प्रथिन वेगळे करून त्याला ‘क्रिस्टलोमायटिन’ म्हटले. त्यानंतर तीस वर्षे फारसे काही पुढे सरकले नाही. २००६ मध्ये चिलटाच्या शुक्राणूतील प्रथिनांची पहिली मोठी मोजदाद झाली, तेव्हा ३८१ प्रथिनांची यादी निघाली आणि तिच्यात एका अनपेक्षित घराण्याची गर्दी आढळली. ल्युसिल अमिनोपेप्टिडेज ही प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे. ती शुक्राणूत एवढी कशाला? हंगेरीतील संशोधकांनी २०१९ मध्ये उत्तर दिले: हीच प्रथिने त्या स्फटिकासारख्या पदार्थाच्या विटा आहेत. त्यांतल्या काहींनी उत्क्रांतीच्या ओघात विकर म्हणून काम करण्याची क्षमताच गमावली आहे. कात्रीची धार जाऊन ती दाराला अडसर म्हणून वापरावी, तसे हे झाले. या प्रथिनांत बिघाड झाला की रचना ढासळते आणि नर वंध्य होतो.

त्याआधी २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले होते की या लांबलचक तंतुकणिका केवळ इंधनाच्या टाक्या नाहीत. शेपटीचा कणा नसला तरी पेशी लांबत राहते. तिला आतून ताणणारी चौकट तंतुकणिकेची असते. शाळेत ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असे एक वाक्य पाठ करून घेतात. ते खरे आहे, पण फार अपुरे आहे.

आता त्या विस्कटलेल्या कांद्याकडे परत. हेल्स आणि फुलर यांना जे प्रथिन सापडले ते तंतुकणिकांना एकमेकींशी जोडणारे होते. अशा जोडणीला जबाबदार असलेले ते पहिलेच ज्ञात प्रथिन. ते यीस्टमध्येही आहे, उंदरात आहे, माणसात आहे. माणसातल्या त्याच्या दोन नातलगांना मायटोफ्युसिन म्हणतात. २००४ मध्ये लक्षात आले की मायटोफ्युसिन-२ च्या जनुकात बिघाड असलेल्यांना शार्को-मारी-टूथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराचा ‘२ए’ हा प्रकार होतो. पायाच्या नसा क्षीण होत जातात, पावले उचलताना अडखळतात, घोट्याखालचे स्नायू वाळतात. अनेकांत हे बालपणीच सुरू होते. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस ही शरीरातील सर्वांत लांब पेशींपैकी. तिच्यात आणि माशीच्या शुक्राणूत साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही पेशी फार लांब आहेत आणि दोन्हींत तंतुकणिकांची मांडणी चुकली तर टोकाला फटका बसतो.

हे माशीच्या वृषणातच का सापडावे? कारण माशीत हे जोडणीचे काम करणारे दोन जनुक आहेत. एक सगळ्या शरीरासाठी, दुसरा फक्त वृषणासाठी. शरीरभरचा बिघडला तर माशी जगतच नाही आणि संशोधकाच्या हाती काही लागत नाही. वृषणातला बिघडला तर माशी धडधाकट, खाते-पिते, उडते. फक्त तिला पिल्ले होत नाहीत. वंध्य माशी जिवंत असते, म्हणून तिची तपासणी करता येते. नेमके हेच कंपवाताच्या बाबतीत घडले. कमी वयात होणाऱ्या कंपवाताशी संबंधित ‘पार्किन’ हा जनुक जपानमध्ये १९९८ मध्ये सापडला. तो करतो काय, हे कळेना. २००३ मध्ये माशीतला तसाच जनुक काढून टाकला, तर उडण्याचे स्नायू झिजले आणि नर वंध्य झाले. शुक्रपेशींतल्या तंतुकणिका बिघडल्या होत्या. २००६ मध्ये ‘पिंक-१’ या दुसऱ्या कंपवात-जनुकाचे तेच घडलेले दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. पिंक-१ नसलेल्या माशीला जास्तीचे पार्किन दिले की ती सावरते, उलट केले तर सावरत नाही. म्हणजे दोघे एकाच साखळीत आहेत आणि पिंक-१ आधी येतो. कंपवाताच्या संशोधनातली ही कळीची पायरी माशीचे स्नायू आणि वृषण पाहून चढली गेली. यातून अजून रुग्णाच्या हाती एकही औषध पडलेले नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतली बातमी आणि औषधाच्या दुकानातली बाटली यांत दशकांचे अंतर असते, आणि वर्तमानपत्रांचे मथळे ते अंतर एका रात्रीत कापतात.

शुक्रपेशीच्या केंद्रकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रश्न सामान बांधण्याचा. साध्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूला तेवढी जागा परवडत नाही, म्हणून बहुतेक हिस्टोन काढून टाकून त्यांच्या जागी प्रोटामिन ही आर्जिनिनने भरलेली छोटी प्रथिने बसवली जातात आणि डीएनए घट्ट आवळला जातो. प्रोटामिन प्रथम फ्रिडरिख मीशर यांनी १८७०च्या दशकात ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्राणूंतून काढले. हेच मीशर ज्यांनी त्याआधी दवाखान्यातल्या पुवाने भरलेल्या पट्ट्यांतून डीएनए प्रथम वेगळा केला होता. केंद्रकातली ही प्रथिने पेशीच्या बाहेरच्या भागात तयार होऊन आत जातात, हे दाखवणारा एक पुरावा १९६४ मध्ये नाकतोड्याच्या शुक्रपेशींतून आला. चिलटात प्रोटामिनचे काम करणारी प्रथिने पुढे सापडली. गंमत अशी की ती दोन प्रथिने काढून टाकली तरी नर चिलट प्रयोगशाळेत पिल्ले देतो. उंदरात मात्र प्रोटामिन कमी पडले की प्रजननक्षमता घसरते. म्हणून माशीत दिसलेले सगळे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही. कोणते लागते आणि कोणते नाही, हे एकेक करून तपासावे लागते, आणि तेच कष्टाचे काम असते.

दवाखान्यात या रसायनाचा संबंध इथेच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १७.५ टक्के, म्हणजे सहांत एक. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरीही ‘वांझ’ हा शब्द मराठीत बाईसाठीच आहे. पुरुषासाठी तेवढा बोचरा, रोजच्या बोलण्यातला शब्द भाषेने घडवलाच नाही. त्याचा परिणाम तपासणीच्या क्रमावर दिसतो: बाईची सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, नळ्यांची तपासणी, गंडेदोरे, उपास हे सगळे होऊन जाते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी वर्षभराने होते किंवा होतच नाही. ती तपासणी सर्वांत स्वस्त आहे, त्यात सुई लागत नाही, आणि ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला शहरांतून बाजार फुलला आहे. ‘शुक्राणूच्या डीएनएचे तुकडे’ मोजणारी तपासणी काही ठिकाणी पहिल्याच भेटीत सुचवली जाते. तिच्यामागचा तर्क खोटा नाही. प्रोटामिनचे बांधकाम सैल राहिले तर डीएनए तुटायला सोपा होतो. पण अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ आणि प्रजननवैद्यक यांच्या संघटनांनी २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी सुरुवातीच्या टप्प्यावर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. वारंवार गर्भपात होत असेल अशा काही परिस्थितींत तिचा विचार होतो. गोळ्यांचे तर विचारूच नका. जस्त आणि फॉलिक आम्ल यांची जोडगोळी पुरुषांना सर्रास दिली जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने एक तर ही जोडगोळी किंवा तिच्यासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी देण्यात आली. मूल होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, सुमारे एक तृतीयांश. वीर्याच्या गुणवत्तेत सुधारणा नाही. उलट तुटक्या डीएनएचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत किंचित जास्त निघाले. महिनोन्महिने हजारो रुपये मोजणाऱ्या जोडप्यांना हे कोणी सांगते का?

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. माणसात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आज घेतलेल्या नमुन्यात दिसतो तो अडीच महिन्यांपूर्वीचा ताप, तंबाखू, उष्णता. म्हणून एकाच अहवालावरून निदान ठोकायचे नसते, आणि तंबाखू सोडल्यानंतर आठवड्याने फरक शोधायचा नसतो.

कीटकाच्या शुक्रपेशीचा सार्वजनिक आरोग्याशी थेट संबंध येतो तो डेंग्यूच्या निमित्ताने. वोल्बाकिया हा जिवाणू असंख्य कीटकांच्या पेशींत राहतो. तो आईकडून अंड्यात जातो. नराच्या शुक्राणूत त्याला जागा नसते. शुक्रपेशी पक्व होताना तिच्यातले फालतू सामान एका पिशवीत ढकलून टाकून दिले जाते, त्यातच वोल्बाकियाही बाहेर फेकला जातो. पण जाण्यापूर्वी तो खूण करून जातो. २०२२ मध्ये चिलटावरच्या अभ्यासात दिसले की त्याच्या दोन प्रथिनांमुळे हिस्टोन जाऊन प्रोटामिन येण्याची क्रिया बिघडते. असा शुक्राणू वोल्बाकिया नसलेल्या मादीच्या अंड्याला भेटला तर अंडे मरते. मादीतही तोच जिवाणू असेल तर अंडे वाचते. यामुळे जिवाणू असलेल्या माद्यांची पिढ्यान्‌पिढ्या सरशी होत जाते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात हा जिवाणू निसर्गतः नसतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो आपल्या याच चिलटातून काढून डासात घातला, कारण तो असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. तो निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुद्दुचेरीतील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राने २०२२ मध्ये भारतीय डासांत वोल्बाकिया घातलेले वाण तयार केल्याचे जाहीर केले. दर पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांनी खाटा भरणाऱ्या महाराष्ट्राने त्या कामाकडे लक्ष द्यावे असे बरेच काही आहे.

शेतातही तेच. किरणोत्साराने शुक्राणूंचा डीएनए मोडलेले नर लाखोंनी सोडले की माद्यांची अंडी फुकट जातात. जपानने ओकिनावा बेटांवरून वेलवर्गीय फळांवरील माशी याच मार्गाने १९९३ मध्ये नाहीशी केली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली तेव्हा कारण होते फळमाशी. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांना त्याची झळ बसली. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी फ्रान्समध्ये फळमाशीवर होणाऱ्या संशोधनाला सरकारी पैसे कसले, म्हणून जाहीर भाषणात खिल्ली उडवली होती. ती माशी ऑलिव्हची बाग उद्ध्वस्त करणारी होती. टाळ्या मात्र मिळाल्या.

आपल्याकडे अशी खिल्ली जाहीर सभेत उडत नाही. ती अंदाजपत्रकात दिसते. संशोधन आणि विकासावर देश सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हे सरकारचेच २०२०-२१ चे आकडे सांगतात. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे लक्ष्य ठरले, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येईल असे गृहीत आहे. खासगी उद्योग वंध्यत्वाच्या गोळीवर पैसे लावील, डासांच्या फवाऱ्यावर लावील. नाकतोड्याच्या केंद्रकातल्या आर्जिनिनवर तो का लावील? लावूही नये, तो त्याचा धंदा नाही. ते काम सरकारचे आहे, आणि त्यासाठी ‘याचा उपयोग काय’ हा रकाना प्रस्तावाच्या पहिल्या पानावरून हलवला पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९७०च्या दशकात चिलटांवर काम सुरू केले, तेव्हा तो रकाना भरायला त्यांना काही सुचले असते असे वाटत नाही. त्याच संस्थेत पुढे चिलटाच्या शुक्राणुनिर्मितीवरही संशोधन झाले.

असल्या संशोधनाला लागते तरी काय? मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांची शिजवलेली खीर, कापसाचे बोळे, काचेच्या बाटल्या. आणि माणसे. जनुक बदललेल्या चिलटांचे वाण बियाण्यासारखे पोत्यात भरून ठेवता येत नाहीत, गोठवून ठेवण्याची रीत अजून सर्वत्र रुळलेली नाही. ते जिवंतच राखावे लागतात. दर दोन-चार आठवड्यांनी प्रत्येक वाणाची बाटली बदलावी लागते, मोठ्या प्रयोगशाळेत अशा हजारो बाटल्या असतात. अनुदानाचा हप्ता सहा महिने लांबला आणि बाटल्या बदलणाऱ्या साहाय्यकाचा पगार थांबला, की दहा वर्षे जपलेला वाण एका पंधरवड्यात मरून जातो. प्रकल्पांच्या नियमांत यंत्रे खरेदीसाठी स्वतंत्र तरतूद असते. बाटल्या बदलणाऱ्या या साहाय्यकांच्या पगारासाठीही, प्रकल्प मंजूर असो वा नसो, कायमची तरतूद करायला नव्या प्रतिष्ठानाने हरकत नसावी. रक्कम एका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.